ई-पुस्तकाची एनओसी

ई-पुस्तकांच्या जगात शिरायला जी मानसिक तयारी लागते, ती महाराष्ट्रात सगळ्यात आधी नवी मुंबईकराची झाली. ईपब, मोबी, एझेडडब्ल्यू, एझेडडब्ल्यू-थ्री, केएफ-एट, केएफएक्स, एलआरएफ ही नावं कानावर पडली की पुण्याचा वाचक चुका काढायला लागतो आणि दादरचा वाचक सरळ वाचनालयात जातो. वाशीचा वाचक मात्र निवांत असतो. सेक्टर नऊमध्ये जेएन-टू टाइपच्या घरात तो लहानाचा मोठा झालेला असतो. दोन-चार अक्षरं आणि एक आकडा मिळून नाव होतं, त्यात अर्थ शोधायचा नसतो, हे त्याला बालवाडीपासून ठाऊक असतं.

खरी तयारी मात्र पुढची आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोनं इथली जमीन विकली नाही, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिली. नवी मुंबईकर जन्माची कमाई ओतून घर ‘घेतो’, दारावर पितळी पाटी ठोकतो, सत्यनारायण घालतो, वर्षानुवर्षं मेंटेनन्सवरून सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतो. मग एक दिवस घर विकायला काढतो आणि फाइल घेऊन सिडकोच्या पायऱ्या चढतो. हस्तांतरण शुल्क भरा, ना हरकत प्रमाणपत्र घ्या, मग विका. त्यामुळे ‘तुम्ही हे पुस्तक विकत घेतलेलं नाही, वाचायचा परवाना घेतलेला आहे’ असं ॲमेझॉननं सांगितलं तेव्हा जगभरचे वाचक हादरले असतील. नेरूळ ते खारघर पट्ट्यात एकच शंका निघाली: पट्टा किती वर्षांचा?

तिला उत्तर नाही. मुदत लिहिलेलीच नाही.

मुदत नसलेला पट्टा कधी संपतो याचे दाखले मात्र आहेत. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलमधून रातोरात काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, म्हणून. पैसे परत केले, पुढे जेफ बेझोसनी जाहीर माफीही मागितली. त्या दोन पुस्तकांतलं एक होतं ‘१९८४’, ज्यात सरकारला नकोसे झालेले कागद भिंतीतल्या भोकात टाकून नष्ट करतात. उपहासलेखकाच्या पोटावर पाय आणण्याची ही पद्धत बरी नव्हे. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं पुस्तकांचं दुकानच बंद केलं आणि विकलेली पुस्तकं दुकानाबरोबर गेली. तिथंही पैसे परत मिळाले. ज्यांनी पुस्तकात टिपणं केली होती, त्यांच्या खात्यात वर २५ डॉलर जमा झाले. समासात पेन्सिलीनं लिहिलं म्हणून आपल्याकडच्या ग्रंथपालांनी आजवर जेवढ्यांना वाचनालयाबाहेर काढलं, त्या सगळ्यांनी हा दर लक्षात ठेवावा.

१ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात कायदाच झाला की हा परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल मालाच्या बटणावर ‘खरेदी करा’ असं लिहायचं नाही. लगेच २६ फेब्रुवारी २०२५ ला किंडलचं पुस्तक संगणकावर उतरवून वायरनं यंत्रात भरायची जुनी सोय ॲमेझॉननं काढून टाकली. तारीख पाहा. दुसऱ्याच दिवशी मराठी भाषा गौरव दिन. भाषेला अभिजात दर्जा मिळाल्यानंतरचा तो पहिलाच, त्यामुळे गावोगाव ग्रंथदिंड्या निघाल्या. दिंडीतल्या पालखीत किंडल ठेवलेलं कुठं दिसलं नाही, हे एका अर्थी बरंच झालं. परवान्याची पालखी निघते की नाही, याबद्दल शास्त्रात काही सांगितलेलं नाही.

आता ज्याच्याकडे किंडल आहे, दुसऱ्या कंपनीचं कोबो आहे आणि खिशात चिनी बनावटीचा फोन आहे, त्यानं एकच पुस्तक तिन्हीकडे कसं वाचायचं? इथं घरातल्या भाच्याचा प्रवेश होतो. प्रत्येक घराला असा एक भाचा असतो. तो ऐरोली किंवा महापेच्या आयटी पार्कात काहीतरी करतो, ते नक्की काय हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. मामा पुस्तकाची तक्रार घेऊन आला की तो न बोलता लॅपटॉप उघडतो आणि एक शब्द उच्चारतो: कॅलिबर.

कॅलिबरची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००६ मध्ये सोनीनं पीआरएस-५०० नावाचं वाचनयंत्र अमेरिकेत बाजारात आणलं. त्याचा पडदा कागदासारखा, दिसायला देखणा. फक्त ते चालायचं सोनीच्या स्वतःच्या आज्ञावलीवर आणि वाचायचं मुख्यतः सोनीची स्वतःची एलआरएफ फाइल. कॅलटेकमध्ये भौतिकशास्त्रात संशोधन करणाऱ्या कोविद गोयल नावाच्या विद्यार्थ्याला हे पटलं नाही. प्रबंध लिहायच्या दिवसांत माणसाला इतर सगळी कामं फार महत्त्वाची वाटतात, हा जागतिक अनुभव आहे. त्यानं ३१ ऑक्टोबर २००६ ला स्वतःची आज्ञावली लिहायला घेतली. इतर काही हौशी मंडळींच्या मदतीनं त्या एलआरएफची आतली शिवण उसवून पाहिली आणि कोणतंही पुस्तक त्या यंत्रात भरायची वाट काढली. २००८ मध्ये या आज्ञावलीचं नाव कॅलिबर झालं. ते त्याच्या पत्नीनं सुचवलं. कॅलिबर फुकट आहे, तिचा कोड सगळ्यांना खुला आहे. सोनी पुढे २०१४ मध्ये वाचनयंत्रांच्या धंद्यातून बाहेर पडली आणि आपली गिऱ्हाइकं कोबोच्या स्वाधीन करून गेली. कॅलिबर अजून आहे.

तिचं काम बाहेरून जादूचं वाटतं, आतून साधं आहे. ईपब म्हणजे एक झिप फाइल. तिच्यात वेबपानांसारखी पानं, चित्रं, फॉन्ट आणि कोणतं पान कशानंतर येतं याची यादी. फाइलच्या नावातलं शेवटचं ‘ईपब’ काढून ‘झिप’ लिहिलं तर पोटातलं सगळं उघडून पाहता येतं. ही रचना २००७ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाली आणि आज ती कोणा एका कंपनीची नाही. मोबी ही मूळची फ्रेंच कंपनी मोबीपॉकेटची. २००५ मध्ये ॲमेझॉननं ती कंपनीच विकत घेतली, तिच्यावर किंडल उभं केलं, मग एझेडडब्ल्यू-थ्री आणलं, मग केएफएक्स आणलं. इतकी वर्षं ईपबचं तोंडही न पाहिलेल्या ॲमेझॉननं २०२२ मध्ये जाहीर केलं की वाचकांनी आपल्या फाइली किंडलला पाठवायच्या तर खुशाल ईपब पाठवा, मोबी नको. म्हणजे ज्यांनी आधीचं दशकभर ईपबची मोबी करण्यात रात्री घालवल्या होत्या, त्यांनी आता मोबीची ईपब करायला बसावं. तेवढ्यानंही भागत नाही. ईपब किंडलला पाठवली की ॲमेझॉन ती आपल्या सोयीनं बदलूनच आत घेतं.

कॅलिबर आलेली फाइल सोडवते, सगळा मजकूर मधल्या एका सामाईक रूपात आणते, प्रकरणं आणि अनुक्रमणिका ओळखते आणि मग हव्या त्या रूपात पुन्हा बांधून देते. एक गोष्ट ती करत नाही: दुकानानं लावलेलं कुलूप तोडत नाही. तो विषय निघाला की भाचा खिडकीबाहेर बघायला लागतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ६५-अ हे कलम आलं. हक्कभंग करायच्या हेतूनं असं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायदा हेतू विचारतो, एवढा त्याचा मोठेपणा. आपण घेतलेलं पुस्तक आपल्याच दुसऱ्या यंत्रावर वाचावं, हा हेतू कोणत्या रकान्यात लिहायचा, ते मामानं वकिलाला विचारावं. वकिलाच्या फीमध्ये छापील प्रत येते.

इथवर हे जगाचं दुखणं झालं. नवी मुंबईच्या मराठी वाचकाचं दुखणं इथून पुढे सुरू होतं, कारण त्याच्यापुढे ॲमेझॉनचं कुलूप क्वचितच येतं. त्याच्यापुढे येते पीडीएफ.

मराठीत ई-बुक म्हणजे पीडीएफ, या बाबतीत सरकार, संस्था, प्रकाशक आणि व्हॉट्सॲप यांच्यात जे एकमत आहे, तसं दुसऱ्या कोणत्याही प्रश्नावर आढळत नाही. १९६० साली स्थापन झालेल्या, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्याचे पहिले अध्यक्ष होते, त्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपले कितीतरी ग्रंथ संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत. हे औदार्य खरं आहे आणि दुर्मीळ आहे. त्यातले जुने ग्रंथ म्हणजे पानापानाचे फोटो आहेत. ई साहित्य प्रतिष्ठाननं मराठी पुस्तकं घरोघरी फुकट पोचवली, तीही पीडीएफमध्ये. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये. शासन निर्णय पीडीएफमध्ये. पत्रिका, पंचांग आणि सोसायटीची नोटीसही पीडीएफमध्ये.

पीडीएफला पुस्तक म्हणजे काय ते माहीतच नसतं. ॲडोबीनं ती १९९३ मध्ये काढली ती पान कोणत्याही यंत्रावर हुबेहूब छापलं जावं म्हणून. कोणतं चिन्ह पानावर कुठं उमटवायचं एवढं तिला कळतं. परिच्छेद, प्रकरण, तळटीप यांच्याशी तिला देणंघेणं नाही. त्यामुळे कॅलिबर तिच्यापुढे हात टेकते, आणि तसं ती स्वतःच्या माहितीपुस्तकात कबूलही करते. पीडीएफची ईपब केली की नायिका मरणशय्येवरून शेवटचं वाक्य उच्चारते, त्या वाक्याच्या मध्यात पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव येतं, मग पृष्ठांक ११३ येतो, आणि मग ती मरते. प्रत्येक ओळ अर्ध्यात तुटते. कवितेचं गद्य होतं आणि गद्याची मुक्तछंदातली कविता होते. अलीकडच्या काही संग्रहांची निर्मिती याच मार्गानं झाली असावी असा संशय आहे, पण पुरावा नाही.

पीडीएफच्याही जाती आहेत. पहिली, फोटोंची. तिच्यात अक्षर नसतंच, अक्षराचं चित्र असतं. सहा इंची पडद्यावर ते चित्र उघडलं की डेमी आकाराचं पान पोस्टाच्या तिकिटासारखं दिसतं. मोठं करायला गेलं की ओळीचं शेपूट पडद्याबाहेर जातं आणि वाचक वाशी ते पनवेल प्रवासात मान न हलवता बोटानं पान डावीउजवीकडे ओढत राहतो. शेजारच्याला वाटतं, शेअर बाजार बघतोय.

दुसरी जात जास्त पाताळयंत्री. तिच्यात खरी अक्षरं दिसतात, निवडताही येतात. ती निवडून दुसरीकडे चिकटवली की पडद्यावर डॉलर, टक्का, कंस, उलटी अवतरणचिन्हं आणि अधूनमधून एखादं रोमन अक्षर असा सडा पडतो. याचं कारण नव्वदच्या दशकात आहे. तेव्हा मराठी छपाई पेजमेकरवर आली, आणि श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सी-डॅकचं आयएसएम असे मराठी फॉन्ट घरोघरच्या डीटीपीवाल्यांकडे पोचले. संगणक आत इंग्रजी अक्षरंच साठवायचा, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवायचा. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. एकात ज्या जागी ‘क’, दुसऱ्यात तिथं अर्धा ‘ष’. पहिली वेलांटी व्यंजनाआधी टंकायची, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते, कारण उच्चारात ती नंतर आहे. रफारची कथा बरोबर उलटी. अशी फाइल बदलायची तर आधी फॉन्ट कोणता ते ओळखायचं, मग त्याचा तक्ता लावायचा, मग वेलांट्या उचलून जागेवर न्यायच्या आणि शेवटी माणसानं बसून वाचायचं. छपाईला यातलं काही आड येत नव्हतं, कागदावर सगळं सुरेख उमटत होतं. त्यामुळे तीस वर्षांचं मराठी साहित्य डीटीपीवाल्यांच्या सीडींवर सुखरूप आहे. सीडी कुठं आहे ते डीटीपीवाल्याला माहीत होतं. त्यानं आता झेरॉक्स आणि आधारकार्डाचं काम सुरू केलंय.

तिसरी जात युनिकोडमध्ये टंकलेल्या नव्या पीडीएफची. आता तरी सुटलो, असं वाटतं. मजकूर उचलून बघावा तर जोडाक्षरं फुटलेली, वेलांट्या इकडच्या तिकडे. पीडीएफ अक्षरांचे आकार साठवते, आणि ‘क्ष’चा आकार नेमक्या कोणत्या अक्षरांपासून झाला याची नोंद ती करणाऱ्या आज्ञावलीनं नीट ठेवली नसेल तर परतीची वाट बंद. मूळ वर्ड फाइल मागितली तर संस्था म्हणतात, ती सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही. आतला मजकूर मात्र फुकट वाटायचा असतो.

किंडलनं मराठीला अधिकृत दार उघडलं ते डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमच्या जोडीनं. त्याआधी हौशी लोक ईपबमध्ये फॉन्ट कोंबून काम भागवत. दार उघडल्यानंतरही बारीकसारीक तंटे उरलेच. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवेत, पण फॉन्ट हिंदी वळण देतो. त्याहून मोठा घोटाळा अर्ध्या र चा. सह्याद्रीच्या दऱ्यांत भटकंती करणारा लेखक फाइल बदलल्यावर सह्याद्रीच्या दर्यात पोहताना आढळतो, आणि लग्नाच्या आचाऱ्याला दिलेली बिदागी आचार्यांच्या नावावर पडते. ‘दऱ्या’ आणि ‘आचाऱ्या’ या शब्दांत र ला जोडलेलं एक अदृश्य चिन्ह असतं किंवा नुक्त्याचा ऱ असतो. फाइल ‘स्वच्छ’ करणाऱ्या आज्ञावल्यांना अदृश्य चिन्ह म्हणजे कचरा वाटतो. राज्य मराठी विकास संस्थेनं यशोमुद्रा, यशोवेणू असे मोफत युनिकोड फॉन्ट काढून दिले आहेत, ते ईपबमध्ये घालता येतात. सरकारी कामांतलं हे एक काम कौतुकानं सांगण्याजोगं आहे, म्हणून फार थोड्यांना माहीत आहे.

मराठी दुकानं नाहीत असंही नाही. पुण्याची बुकगंगा गेली कित्येक वर्षं मराठी ई-पुस्तकं विकते. ती वाचायची बुकगंगाच्या ॲपमध्ये. किंडलची किंडलमध्ये, बुकगंगाची बुकगंगात, आणि वाचक मधल्या मध्ये ट्रान्स-हार्बरनं गाडी बदलत.

करखात्यानंही साहित्यसेवेत हात आखडता घेतला नाही. छापील पुस्तकाला जीएसटी शून्य. ई-पुस्तकाला सुरुवातीला १८ टक्के लावला, जुलै २०१८ मध्ये तो ५ टक्क्यांवर आणला, पण कोणत्या ई-पुस्तकाला? ज्याची छापील आवृत्ती आहे, त्याच. एखाद्या कवीनं झाडं वाचवावीत म्हणून संग्रह थेट ई-पुस्तकात काढला, तर त्याच्या कवितेवर कर जास्त. आधी झाड पाडा, मग सवलत घ्या. कवितांवर १८ टक्के कर बसवण्याला काही समीक्षकांचा तत्त्वतः पाठिंबा असू शकेल, तो भाग निराळा.

एका वाचकाला मात्र या सगळ्यात हसू येत नाही. ज्याला दिसत नाही तो पुस्तक फोनकडून वाचून घेतो. फोटोंची पीडीएफ त्याच्यापुढे मुकी असते आणि जुन्या फॉन्टची पीडीएफ डॉलर-टक्का-कंस असं मोठ्यानं वाचत सुटते. विशेष म्हणजे कायदा इथं पूर्ण त्याच्या बाजूनं आहे. २०१२ च्याच दुरुस्तीनं अपंग वाचकांसाठी पुस्तक सुगम रूपात बदलायला मुभा दिली. अंधांसाठीच्या माराकेश कराराला जगात सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता, जून २०१४ मध्ये. दोन वर्षांनी सुगम्य पुस्तकालय सुरू झालं. परवानगी आहे, करार आहे, पुस्तकालय आहे. पुस्तक पीडीएफमध्ये आहे.

त्यातल्या त्यात उजेड आहे तो मराठी विकिस्रोतावर. तिथं स्वामित्वहक्काची मुदत संपलेली जुनी पुस्तकं लोक स्वतःहून स्कॅन करतात, यंत्राकडून अक्षरं ओळखून घेतात आणि मग पानं एकेक करून डोळ्यांनी तपासतात. ही मुदत आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे सिडकोच्या पट्ट्याएवढीच. फरक इतकाच की लेखकाचा पट्टा संपला की जागा सगळ्यांची होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणीही छापावी, वाटावी, बदलावी. विकिस्रोतावरच्या पुस्तकाशेजारी एक बटण असतं. ते दाबलं की ईपब मिळते, मोबी मिळते, आणि पडद्यामागे ही रूपांतरं करायला कॅलिबरच राबत असते. ना कुलूप, ना खातं, ना एनओसी.

भाच्यानं मामाला असंच एक पुस्तक काढून दिलं. अक्षरं हवी तेवढी मोठी होत होती, अनुक्रमणिका चालत होती, दऱ्या दऱ्यांच्या जागी आणि दर्या दर्याच्या जागी होता. मामा खूश झाला. इतका खूश झाला की ते त्यानं तिथल्या तिथं सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक ग्रुपवर टाकलं. मिनिटभरात सी विंगमधून उत्तर आलं: ‘छान, धन्यवाद. फाइल उघडत नाही. पीडीएफ असल्यास पाठवावी.’ त्याखाली बारा अंगठे होते, आणि त्यातला एक मामाच्या मिसेसचा.